खंडेनवमीचा आलेख

योगिनीनं पासवर्ड पुन्हा एकदा टाकला. चुकला असेल, सकाळी सकाळी बोटं अजून झोपेतच असतात, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच तिला कळत होतं की पासवर्ड चुकलेला नाही. चुकला असता तर तांबड्या अक्षरात तसं आलं असतं. इथं तांबडं काही नव्हतं. पांढऱ्या स्वच्छ पानावर मधोमध एक ओळ होती : हे पान पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही. बाकी सगळं उघडत होतं. मेल उघडत होता, हजेरी उघडत होती, कॅन्टीनमध्ये आज मटकीची उसळ आहे हेसुद्धा कळत होतं. तिचा डेटाबेस तर उघडतच होता, म्हणजे चाकणच्या या कारखान्यात बनलेला प्रत्येक ब्रेक, तो कुठल्या शिफ्टला बनला, कुठल्या ट्रकमधून गेला, याची नोंद जिथं साठते ते कोठार. ते सांभाळायचा तर तिला पगार मिळत होता. फक्त ते कोठार ज्या सर्व्हरवर उभं होतं त्या सर्व्हरची तब्येत दाखवणारं पान तेवढं तिच्यापुरतं बंद झालं होतं. रहाटणीहून कंपनीच्या बसनं यायचं, पर्स ड्रॉवरमध्ये टाकायची आणि चहाच्याही आधी त्या पानावरच्या चार-सहा रेघांवरून नजर फिरवायची, हा तिचा कित्येक वर्षांचा रिवाज. कुणी सांगितलेलं नव्हतं आणि कुणी विचारलेलंही नव्हतं. आज पहिल्यांदा तिला कळलं की तेही कुणाच्या तरी परवानगीनं चाललं होतं. तिच्या छातीत धस्स झालं, आणि मग त्या धस्स होण्याचीच तिला लाज वाटली.

तिनं नवनाथला फोन लावला. सर्व्हर, वायरी, एसी, बॅटऱ्या हे सगळं नवनाथच्या टीमकडं. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलेले. त्याच्या मुलीच्या बारशाला पाळण्याची दोरी हिनं धरली होती. नवनाथनं फोन उचलला आणि म्हणाला, “बोला योगिनी मॅडम.” एरवी तो अगं-तुगं करी. मॅडम ऐकल्यावर पुढचं ऐकायची गरजच नव्हती, तरी तिनं ऐकलं. “पॉलिसी आहे. तुम्ही डीबीए लोकांनी डेटाबेसच्या आत काय चाललंय ते बघायचं. सर्व्हर आमचा. तीन वाजता उद्धवराव सरांकडं मीटिंग लागलीय, तिथं बोलू.” “अरे पण मी नुसतं बघते,” ती म्हणाली. “बदलत तर काही नाही ना मी?” “तेच तर,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

नुसतं बघते. हे वाक्य तिच्याच तोंडून आलं, पण आवाज आईचा होता, आणि तो ओळखू आल्यावर तिचा चहा तसाच राहिला. आकुर्डीच्या त्या दोन खोल्यांत आईनं, सावित्रीबाईंनी, आयुष्यभर नुसतं बघितलं. बाबा अंबाजोगाईहून आलेले, कंपनीत लागलेले, शिफ्ट करून थकून झोपायचे. बघायचं काम आईकडं. गॅलरीत मेथी निवडत ती बघे, कुकरकडं पाठ करून बघे, देवाला हात जोडूनही तिचं अर्धं लक्ष जिन्याकडं असे. कोण किती वाजता आलं, कुणाची चप्पल चिखलाची, कुणाचे डोळे लाल. गणराज दादाला स्टेशनच्या पुलाखाली सिगारेट ओढताना तिनंच बघितलं, आणि संध्याकाळी बाबांच्या पानात भाकरी वाढता वाढता सहज सांगून टाकलं. बाबांनी त्याला शेजाऱ्यांदेखत मारलं. दादा पुढं नाशिकला गेला तो गेलाच. आता दिवाळीला येतो, जेवतो, पैसे ठेवतो, पण आई ज्या खोलीत असेल तिथं फार वेळ टेकत नाही. आई अजून म्हणते, “मी काय केलं? दिसलं ते सांगितलं.” योगिनीला या वाक्याची लहानपणापासून चीड होती. काळजी म्हणून बघायचं आणि हत्यार म्हणून वापरायचं, असं तिनं एकदा भांडणात आईला सुनावलंही होतं. मग स्वतः नोकरीला लागून तिनं असं काम पत्करलं की ज्यात दिवसभर रेघांकडं बघत बसायचं, आणि यात काही गंमत आहे हे तिला आजवर सुचलं नव्हतं. पण रेघ म्हणजे काही माणूस नाही. सर्व्हरला थोडीच वाईट वाटतं? तिनं गार चहा एका घोटात संपवला आणि तीन वाजताच्या भांडणाच्या तयारीला लागली.

भांडण जुनंच होतं. लाइनवर जरा काही अडलं की फोन पहिला डीबीएला. डेटाबेस हँग झाला, डेटाबेसनं घाण केली, मॅडम बघा जरा. मग योगिनी त्या पानावर जाऊन बघणार, तर डिस्क भरलेली, नाहीतर मेमरी दुसऱ्याच कुणी खाल्लेली. ती त्या रेघेचं चित्र काढून सगळ्यांच्या ग्रुपवर टाकी, आणि खाली एक ओळ लिही : डेटाबेस ठीक आहे, कृपया सर्व्हर बघावा. कृपया ती कधी विसरत नसे. त्या एका ओळीत केवढं समाधान होतं हे तिला कबूल करावं लागलं असतं, पण कबूल करायला कुणी सांगितलं नव्हतं. नवनाथच्या टीमनं त्या चित्रांना आपसात ‘मॅडमचा एक्सरे’ नाव ठेवलंय हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते कौतुकच वाटलं होतं. आता ते पान गेलं म्हणजे उद्यापासून जे काही बिघडेल ते तिच्या डोक्यावर, आणि आपलं नाही हे दाखवायला हातात काही नाही. जबाबदारी सगळी आणि दिसायचं काही नाही. अशानं वर्षभरात कुठल्या तरी मोठ्या बंदचं खापर आपल्यावर फुटेल आणि आपल्याला जावं लागेल, हे तिला लख्ख दिसत होतं. रावेतच्या फ्लॅटचं बुकिंग, मुलाची दहावी, हे सगळं त्या बंद पानाच्या मागं जाऊन उभं राहिलं. तिला भीती वाटली, साधी.

पण तिच्याकडं हुकमाचं पान होतं. खंडेनवमीचं चित्र. ते तिनं लॅपटॉपवर जपून ठेवलं होतं. त्या दिवशी भर दुपारी सर्व्हर आपोआप बंद पडला होता, असेंब्लीच्या दोन्ही लाइनी थांबल्या होत्या, आणि प्लँट हेडपासून सगळ्यांनी डेटाबेसच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली होती. तेव्हा तिनं सर्व्हर रूमच्या तापमानाची रेघ शोधून काढली. डोंगरासारखी वर गेलेली. माथ्यावर तिनं तांबडा गोल काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली तेच वाक्य, कृपयासकट. ग्रुप चिडीचूप झाला. कुणाला तरी जाब विचारला गेला असणार, एसी कसा बंद राहिला म्हणून. पण ते नवनाथकडचं काम, त्यात तिनं नाक खुपसलं नव्हतं. ती त्या दिवशी वेळेवर घरी गेली आणि झोपही शांत लागली. आज तेच चित्र उद्धवरावांच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावायचं आणि विचारायचं, सर, हे मी बघितलं नसतं तर? एवढ्यावर काम होणार होतं. उद्धवराव आयटीचे प्रमुख, माणूस गोड बोलणारा, पण डोकं फायद्या-तोट्याचं. त्यांना चित्र कळतं.

जेवणाच्या सुट्टीत ती ट्रे घेऊन खिडकीकडच्या टेबलाशी गेली तर नवनाथ समोर येऊन बसला. लॅपटॉप बगलेत. जेवण घेतलेलं नव्हतं. “खंडेनवमीचं चित्र लावणार असशील तू,” तो म्हणाला. मॅडम गळून पडलं होतं, पण आवाज बरा नव्हता. “लाव. पण त्याआधी एक सांगतो. त्या चित्रापायी बाळाजी गेला.” योगिनीच्या हातातला घास हातातच राहिला. बाळाजी म्हणजे सर्व्हर रूमचा इलेक्ट्रिशियन, चाळिशीचा, इथल्याच वाडीतला, कानावर कायम पेन्सिल. तो दिसत नाही हे तिच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या प्लँटला बदली झाली असेल असं धरून ती चालली होती. “गेला म्हणजे?” “म्हणजे काढला. ठेकेदाराला फोन गेला वरून, आणि ठेकेदार म्हणाला उद्यापासून येऊ नको. तू गोल काढलेलं चित्र ठेकेदाराच्या मोबाइलवर होतं. मी डोळ्यानं बघितलं.” “मला कुणी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “तू विचारलं नाहीस,” नवनाथ म्हणाला. “मी त्याला दहादा विचारलं, बाबा रे, सणाच्या दिवशी एसी बंद कशाला केलास? एकच म्हणे, माझ्याच हातनं झालं साहेब. तेव्हापासून माझी पोरं तुझ्या त्या एक्सरेला घाबरतात. नोकरीवर येताना पोटात भीती घेऊन येतात. म्हणून बंद केलं तुझं पान. दुसरं काही नाही त्यात.”

दिसलं ते सांगितलं, एवढंच ओठांवर आलं आणि तिनं ते गिळलं. नवनाथनं लॅपटॉप उघडून तिच्याकडं वळवला. “आणि तू चित्रही अर्धंच कापलं होतंस. दुपारपासून पुढचं. हा घे आख्खा दिवस. बघ, तुला बघायचंच असतं ना?” तिनं बघितलं. सकाळपासून रेघ ताटलीसारखी सपाट होती. मग एका ठिकाणी तिनं मान उचलली होती, अगदी थोडी, आणि तिथून चढत चढत त्या माथ्यापर्यंत गेली होती. नवनाथनं त्या मान उचलल्या जागी बोट ठेवलं. “आरती चालू होती तेव्हा. आपण सगळे तिथंच होतो की. मी घंटा बडवत होतो. खोलीत एवढी माणसं, आणि गेला तो एकटा बाळाजी.” तो आणखी काही बोलत होता, पण ते योगिनीपर्यंत पोहोचलं नाही.

कारण तिला ज्योत दिसली. तुपाच्या निरांजनातली, विझू विझू झालेली. खंडेनवमीला या पट्ट्यात लेथला हार, फोर्कलिफ्टला हार, मग आयटीवाल्यांनीच मागं का राहायचं म्हणून दरवर्षी सर्व्हरच्या कपाटांनाही हळदीकुंकू लागे. आत काडी ओढायला सक्त मनाई, अशी पाटी दारावर, आणि त्या दिवशी ती पाटी झेंडूच्या माळेनं झाकलेली. छतावरच्या धुराच्या यंत्राला बाळाजीनं प्लास्टिकची पिशवी बांधलेली, सुरक्षा खात्यानं तिकडं काणाडोळा केलेला. ताट तिच्या हातात होतं, कारण ती वयानं मोठी आणि नऊवारी नसली तरी साडी नेसून आलेली. एसीचा वारा थेट ताटावर येत होता. ज्योत एकदा विझली. पोरं हसली. पुन्हा लावली, पुन्हा आडवी झाली. तिसऱ्यांदा विझली तर बरं दिसणार नाही, वर्षाचा सण आहे, असं तिच्या मनात आलं. तिनं एका तळव्याचा आडोसा केला, तळव्याला ऊब लागली, ती आत्ता या क्षणी कॅन्टीनच्या टेबलावर ठेवलेल्या हाताला पुन्हा लागत होती. आणि ती शेजारी उभ्या असलेल्या बाळाजीकडं वळून म्हणाली होती, “बाळाजीभाऊ, तो एसी जरा बंद करा ना.” घंटेच्या आवाजात ते फक्त त्यालाच ऐकू गेलं. त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. ज्योत सरळ उभी राहिली. आरती छान झाली. मग पेढ्यांचा बॉक्स त्याच्या हातात देत तीच म्हणाली होती, “एवढे गेटवर सगळ्यांना देऊन या.” तो दाराशी थांबला, त्यानं एसीकडं बघितलं, आणि ती म्हणाली, “तुम्ही जा, इथलं मी बघते.”

इथलं मी बघते. तिनं काय बघितलं होतं त्यानंतर? साडीला कुंकू लागलं होतं ते बघितलं, मोबाइलवर फोटो कसा आला ते बघितलं, आणि सगळ्यांबरोबर बाहेर पडून दार ओढून घेतलं. खोली तापल्याचा मेसेज मोबाइलवर आला तेव्हा बाळाजी गेटवरून पळत आला म्हणे, पण तोवर सर्व्हरनं मान टाकली होती. हे इतके महिने तिच्यात कुठं होतं? लपवलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. लपवायला आधी ठाऊक असावं लागतं. तिला ठाऊकच नव्हतं, आणि हा धक्का सगळ्यात वाईट होता. त्या रेघेच्या प्रत्येक बिंदूवर ती हजर होती आणि तिनं फक्त माथा बघून गोल काढला होता. नवनाथ विचारत होता, “काय झालं? पाणी पितेस का?” ती म्हणाली, “लॅपटॉप बंद कर.” त्यानं केला. उसळीवर साय धरावी तसं तेल गोठलं होतं. ती ट्रे तसाच टाकून उठली.

तीन वाजता उद्धवरावांच्या केबिनमध्ये गारवा होता आणि तिला घाम येत होता. नवनाथ आधी बोलला. म्हणाला, “सर, डीबीएंशिवाय आमचं अडत नाही. एप्रिलमध्ये मॅडम रजेवर होत्या, रूमचा एसी बंद पडला, तेव्हा गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यानं येऊन सांगितलं आणि आम्ही पाच मिनिटांत चालू केला. त्याच्या फेरीत लक्षात आलं असेल. माणसं असली की पुरतं, दहा जणांनी स्क्रीन कशाला बघायला हवी?” उद्धवरावांनी मान हलवली आणि योगिनीकडं वळले. “बोला मॅडम. तुमच्याकडं ते खंडेनवमीचं चित्र होतं ना? माझ्या चांगलं लक्षात आहे ते. लाइन थांबल्याचं कारण आपण वर दाखवू शकलो, ते त्याच्यामुळंच.” चित्र तिनं लावलेलंही नव्हतं आणि ते बोललं होतं. एवढ्यावर गप्प बसली असती तरी पान परत मिळालं असतं. तिनं टेबलाची कड धरली. “सर, त्या दिवशी एसी बंद करायला मी सांगितलं होतं. ज्योत विझत होती म्हणून. बाळाजींना मीच गेटवर पाठवलं आणि मी बघते म्हणाले. आणि विसरले. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना परत बोलवायला हवं.”

नवनाथ तिच्याकडं असा बघत होता की जणू ही बाई त्यानं आजच पाहिली आहे. उद्धवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिला वाटलं आता काहीतरी कोसळणार. ते कोसळावं अशी तिची जवळजवळ इच्छा होती. “अहो मॅडम,” ते मायेनं म्हणाले, “कशाला मनाला लावून घेता? सणासुदीला व्हायचंच असं. ते प्रकरण केव्हाच मिटलं. वर रिपोर्ट गेला, क्लोज झाला, आता ते उकरून कुणाचं भलं आहे? आणि ठेकेदाराचा माणूस तो, आपल्या हातात काय असतं.” मग नवनाथला म्हणाले, “मॅडमचं पान सुरू करून टाका. बारीक लक्ष असणारी माणसं कुठं मिळतात? मिटलं ना मग? चला.” मिटलं. सगळं खरं सांगितलं होतं आणि खोलीतली एक खुर्चीसुद्धा सरकली नव्हती. बाळाजीला एका चित्रानं घालवलं, आणि तिनं तोंडानं सांगितलेल्या खऱ्याला मात्र इथं काही वजनच नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं, पण ती “थँक यू सर” म्हणाली. जिभेला सवय असते.

जागेवर आली तर पान उघडलेलं होतं. सगळ्या रेघा हिरव्या, शहाण्यासारख्या सपाट. तिनं एकदा बघितलं आणि दुसऱ्यांदा बघायचा धीर झाला नाही. आईनं गॅलरीतून दादाला जाताना बघितलं असेल तेव्हा तिला काय वाटलं असेल, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या मनात आलं, आणि आईची तिला कीव आली, रागही आला. तिनं लॅपटॉप मिटला आणि बस लागायच्या आधीच खाली गेटवर आली. शिफ्ट सुटायची वेळ होती. दुचाक्या सुरू होत होत्या, तळेगाव रस्त्यावर कंटेनरची रांग तशीच उभी होती. गेटवर धोंडीबा बसला होता, सिक्युरिटीचा म्हातारा, बाळाजीच्याच वाडीचा. त्याला ती इतकी वर्षं मान हलवून नमस्कार करीत आली होती, यापलीकडं बोलणं कधी झालं नव्हतं.

“बाळाजींचा नंबर आहे का तुमच्याकडं?” तिनं विचारलं. नंबर घ्यायचा, घरी जायचं, नीट विचार करायचा, शब्द जुळवायचे आणि मग उद्या-परवा फोन करायचा, असं तिनं जिन्यातच ठरवलं होतं. धोंडीबानं तिला खालवर न्याहाळलं. “हाय की. म्हाळुंग्याकडं गोदामावर वायरिंग बघतोय आता. बरं चाललंय म्हणायचं.” मग थांबून म्हणाला, “का वो, परत बंद पडला का काय तुमचा एसी?” “नाही, का?” “न्हाई, म्हटलं विचारावं. त्याचं नाव कुणी काढलंच न्हाई त्या मशीनमधनं. खोली तापली की अजून त्याच्याच मोबाइलवर मेसेज येतोय म्हणं. एप्रिलमधी त्यानंच तर मला फोन केलता, तात्या पळा, आत सांगा म्हणून. आमाला काय कळतंय खोलीतलं.” योगिनी उभी होती तिथंच उभी राहिली. सगळे तिच्या बाजूनं बाहेर पडत होते, कुणाची तरी बॅग तिच्या खांद्याला लागली. तिला वाटलं होतं दिवसाचा धक्का संपला.

“थांबा, लावूनच देतो,” धोंडीबा म्हणाला. “नको, मी नंतर,” ती म्हणेपर्यंत त्यानं बटण दाबून फोन तिच्या हातात दिलाही होता. रिंग वाजत होती. तिनं तो कानाला लावला. काय बोलायचं, कुठून सुरू करायचं, बाळाजीभाऊ म्हणायचं तर कुठल्या तोंडानं, काहीच जुळलं नव्हतं. रिंग थांबली. पलीकडं कुठंतरी ड्रिल चाललेलं होतं, ते बंद झालं.

“बोला तात्या,” बाळाजीचा आवाज आला. “काय झालं? मला तर मेसेज न्हाई आला. तुमी आधी आत जाऊन एसी लावा, मंग बोलू.”